वऱ्हाडचे विद्यार्थी आणि राजधानीची परिषद

१२ जानेवारी हा दिवस बुलढाणा जिल्ह्यात रस्त्यांवरील वर्दळीनेच ओळखू येतो. १५९८ साली सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवरावांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला. त्या जन्मोत्सवासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात आणि चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाणारा रस्ता भल्या पहाटेपासून वाहता होतो. याच तारखेस १८६३ साली कलकत्त्यात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, जन्मास आले. भारत सरकारने १९८४ मध्ये हा दिवस राष्ट्रीय युवक दिन म्हणून मुक्रर केला आणि १९८५ पासून तो देशभर पाळला जाऊ लागला. म्हणून ज्या दिवशी सारा जिल्हा दक्षिणेस सिंदखेड राजाकडे लोटतो, त्याच दिवशी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाचे वा मुलीचे तोंड उत्तरेस, दिल्लीकडे, असू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमात ‘विकसित भारत युवा नेते संवाद’ या नावाने जो मेळावा भरला, त्याची पूर्वपीठिका आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी केलेल्या एका आवाहनात आहे. ज्यांच्या घराण्यात राजकारणाची परंपरा नाही अशा एक लाख तरुणांनी सार्वजनिक जीवनात यावे, असे ते आवाहन होते. त्याला अनुसरून १५ ते २९ या वयोगटासाठी प्रथम प्रश्नमंजूषा, मग निबंध, मग राज्यपातळीवर विषयाची मांडणी अशा पायऱ्या लावण्यात आल्या. प्रश्नमंजूषेत सुमारे ३० लाख तरुण उतरले आणि अखेरीस दिल्लीस पोहोचले ते सुमारे ३,०००. तीस लाखांतून तीन हजार, म्हणजे हजारामागे एक, हे प्रमाण पाहिले की तेथवर गेलेल्या प्रत्येकाच्या परिश्रमाविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

याहून जुनी आणि स्वरूपाने अधिक काटेकोर अशी दुसरी वाट म्हणजे युवा संसद. विद्यालयांतून अभिरूप संसद भरवावी ही शिफारस १९६२ साली मुंबईत भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने केली, आणि तिची पहिली अंमलबजावणी १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून झाली. सभापती, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता अशा भूमिका वाटून घेऊन मुलांनी तासाभराची बैठक चालवावयाची, प्रश्नोत्तरे करावयाची, विधेयक मांडावयाचे, असा तो उपक्रम होता व आजही आहे. २०१९ पासून केंद्राच्या युवक कार्य मंत्रालयाने राष्ट्रीय युवा संसद महोत्सव सुरू केला. त्यात जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर १८ ते २५ वर्षांच्या तरुणांची भाषणे होतात. २०२१ सालचा अंतिम समारंभ संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झाला, आणि तेव्हापासून त्या सभागृहात उभे राहून बोलण्याची आकांक्षा गावोगावच्या वक्तृत्वप्रेमी मुलांच्या मनात रुजली. २०२५ च्या फेरीसाठी तर आरंभीची अट एवढीच होती की, विकसित भारत म्हणजे तुमच्या मते काय, हे एका मिनिटाच्या चित्रफितीत सांगून ती सरकारी संकेतस्थळावर चढवावी.

त्या मध्यवर्ती सभागृहाचा महिमा वऱ्हाडच्या विद्यार्थ्यास वेगळा सांगावयास नको. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक तेथेच भरली, आणि त्या सभेत मध्यप्रांत व वऱ्हाडातून आलेल्या सभासदांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मनुष्य विलायतेत वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून परतला, १९३२ साली त्याने अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषिखाते सांभाळले. चिखलीतील श्री शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय हे त्याच संस्थेचे अपत्य. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जे जागतिक कृषिप्रदर्शन भरले, त्यामागे पंजाबरावांनीच स्थापिलेला भारत कृषक समाज होता. राजधानी ही केवळ हुकूम सुटण्याची जागा नसून शेतकऱ्याने आपले म्हणणे घेऊन जाण्याचीही जागा आहे, हा विचार त्यांनी कृतीत आणून दाखविला. ज्या मुलाच्या महाविद्यालयाच्या मुळाशी असे चरित्र आहे, त्याने त्या घुमटाखाली उभे राहताना अंग चोरण्याचे काही कारण नाही.

परंतु वऱ्हाडच्या विद्यार्थ्याची राजधानीशी ओळख दिल्लीपासून सुरू होत नाही. चिखली ज्या प्रांतात होती त्या मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर, आणि विद्यार्थ्यांच्या दोन संस्मरणीय परिषदा त्याच शहरात भरल्या. डिसेंबर १९२० मध्ये विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे जे विराट अधिवेशन नागपुरास झाले, चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी ज्यास लोटले आणि असहकाराचा ठराव ज्यात कायम झाला, त्याच्याच आगेमागे लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद भरली. नागपूर विद्यापीठ तेव्हा स्थापनही झाले नव्हते. ते १९२३ चे. हिस्लॉप आणि मॉरिस या दोन महाविद्यालयांच्या त्या शहरात विद्यार्थ्यांपुढे जो प्रश्न होता, तो बक्षिसाचा वा प्रशस्तिपत्राचा नव्हता. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालावयाचा की नाही, वर्ग सोडावयाचा की नाही, घरी आईवडिलांस काय सांगावयाचे, असा तो प्रश्न होता, आणि परिषदेहून परतलेल्या प्रत्येकास त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने द्यावे लागणार होते.

पुढे १९३६ साली लखनौस अखिल भारतीय विद्यार्थी संघ स्थापन झाला. त्या परिषदेचे उद्घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले आणि अध्यक्षस्थानी महंमद अली जिना होते, हे आज वाचताना आश्चर्य वाटते. चार वर्षांनी, १९४० च्या डिसेंबरात, त्या संघाचे अधिवेशन नागपुरास भरले आणि तेथे संघ दुभंगला. साम्यवादी विचारांचे एका बाजूस व गांधीमार्गी राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूस झाले. महायुद्ध चालू होते, देश पारतंत्र्यात होता, आणि अठरा-वीस वर्षांची मुले युद्धाविषयीच्या धोरणावर इतक्या पोटतिडकीने भांडली की एकत्र राहणे त्यांस अशक्य झाले. हा दुभंग काही भूषणावह नव्हता. तथापि तो खऱ्या प्रश्नावर झालेला होता. शिवाय तेथे जमलेले बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या शाखेने पाठविलेले होते, त्यांच्यामागे त्यांस जाब विचारणारी मुले होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर हा सारा व्यवहार पालटला, आणि तो पालटणे स्वाभाविक होते. १९५४ साली शिक्षण मंत्रालयाने दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरविला. बुलढाणा जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरचे ते पद गेले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांस घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलास राजधानीची वाट बहुधा या योजनेतूनच सापडत आली आहे. सात दिवसांचे श्रमसंस्काराचे शिबीर, खेड्यातील शाळेच्या ओसरीवर मुक्काम, सकाळी बंधाऱ्याचे खोदकाम, दुपारी बौद्धिक आणि रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य, असे ते शिबीर ज्याने केले आहे, त्यास चार माणसांस बरोबर घेऊन काम उरकणे म्हणजे काय, याचा धडा परिषदेच्या कितीतरी आधी मिळालेला असतो.

आता चिखलीच्या मुलाची तयारी कशी होते ते पाहावे. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर परिपत्रक लागते, योजनेचे कार्यक्रम अधिकारी वर्गावर्गांतून फिरून नावे घेतात, आणि मग चार वाजता तास सुटल्यावर रिकाम्या खोलीत तालीम सुरू होते. अशा एका तालमीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर बोलत होती. भाषण पाठ होते, आवाज खणखणीत होता, हातवारे बेतशीर होते. सरांनी हातातले घड्याळ बाकावर ठेवले आणि विचारले, “तुझ्या बाबांनी यंदा सोयाबीन किती क्विंटल घातलं? कोणत्या भावानं? ओल किती निघाली?” मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग वऱ्हाडी बोलीत, भाषणाचा सूर पार सोडून, सांगू लागली: बाजार समितीच्या आवारात गाडी केव्हा लागली, यंत्राने ओलावा किती दाखविला, तेवढ्यावरून भाव किती पाडला, घरी परत न्यावे तर गाडीभाडे कसे अंगावर पडते. सर म्हणाले, “हे बोल. बाकीचं खोडून टाक.”

त्या सूचनेत सार्वजनिक भाषणाचे मर्म आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव केंद्राने क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता; सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती; बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेले, ओल्या मालामुळे खरेदी अडली, तेव्हा त्या वर्षी नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. दिल्लीत ठरलेला एक आकडा चिखलीच्या आवारात माल घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या पदरात काय टाकतो, हे ज्या मुलीस आपल्या घरच्या हिशेबातून सांगता येते, तिला राष्ट्राच्या राजधानीत बोलण्याचा अधिकार आपोआपच प्राप्त होतो. विकास, समृद्धी, युवाशक्ती हे शब्द सगळ्याच राज्यांतून आलेली मुले उच्चारणार आहेत. परीक्षकांच्या कानांस ते सवयीचे झालेले असतात. बोलावयास जेमतेम तीन-चार मिनिटे मिळतात. त्यांतील एक मिनिट मान्यवरांच्या नावांत आणि दुसरे एखाद्या उसन्या कवितेत घालविणे हा त्या गावावर अन्यायच होय, ज्याचे नाव त्या मुलाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेले असते.

निवड झाल्यावर जी धावपळ उडते तीही शिक्षणाचाच भाग समजली पाहिजे. पालकांचे संमतिपत्र, महाविद्यालयाचा दाखला, आधारपत्राच्या नकला, वैद्यकीय प्रमाणपत्र अशा कागदांची जुळवाजुळव होते. मुलगी असेल तर बरोबर बाई येणार आहेत का, राहण्याची सोय कोठे, हे प्रश्न घरोघर विचारले जातात, आणि ते विचारणाऱ्या आईबापांस मागासलेले म्हणण्यापेक्षा कार्यक्रम अधिकाऱ्याने घरी जाऊन त्यांची नीट उत्तरे देणे अधिक उपयोगाचे, हे अनुभवी शिक्षकांस ठाऊक असते. मग प्रवास. चिखलीस रेल्वे नाही. जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे आणि लोक तिच्याविषयी अजूनही आशेने बोलतात. तेव्हा एस. टी.ने बुलढाण्यास जावयाचे, राजूरचा घाट उतरून मलकापूर गाठावयाचे, तेथून भुसावळ आणि मग इटारसी, भोपाळ, झाशी करीत दिल्ली. ज्याने जिल्ह्याबाहेर फारसे पाऊल टाकलेले नाही त्यास एका रात्रीत तापीचे खोरे, सातपुडा, नर्मदा आणि बुंदेलखंड ओलांडताना आपल्या देशाचा विस्तार भूगोलाच्या पुस्तकाहून वेगळ्या रीतीने कळतो.

आणि परिषदेत तरी काय मिळते? व्याख्याने होतात, मोठ्या माणसांचे दर्शन होते, छायाचित्रे निघतात. त्यांबद्दल वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते, म्हणून येथे विस्तार नको. मला अधिक महत्त्वाची वाटते ती भोजनाच्या रांगेत आणि निवासाच्या खोलीत होणारी देवघेव. मिझोराममधून आलेला मुलगा आपल्या गावच्या झूम शेतीविषयी सांगतो, केरळातील मुलगी ग्रामपंचायतीच्या हाती किती कामे सोपविलेली असतात ते सांगते, आणि चिखलीचा मुलगा मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांस पैनगंगेच्या उगमाजवळच्या प्रदेशातही उन्हाळ्यात टँकर का लागतात, हे समजावू लागतो. आपली अडचण आपल्यालाच ठाऊक आहे असा जो समज गावात बसून दृढ होतो, तो अशा दोन रात्रींत ढासळतो. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे आणि मगच बोलावे, ही शिस्त आमच्या सभांतून दुर्मिळ झाली आहे. ती त्या मुलाच्या अंगी थोडी जरी बाणली तरी प्रवासाचा खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.

दिल्लीपर्यंत ज्यास जाता येत नाही त्यास जवळची राजधानी आहे. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून महाराष्ट्र विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरते, आणि त्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतील राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग चालविते. पीठासीन अधिकारी, मंत्री, विरोधी बाकांवरील सदस्य आणि पत्रकार तेथे येऊन बोलतात, आणि विद्यार्थ्यांस सभागृहाचे कामकाज प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा हे शब्द परीक्षेपुरते घोकलेल्या मुलास आपल्याच जिल्ह्याचा आमदार आपल्याच रस्त्याबद्दल प्रश्न विचारताना दिसला, तर नागरिकशास्त्राचा तो धडा त्यास जन्मभर पुरतो. समृद्धी महामार्ग मेहकरवरून जात असल्यामुळे चिखलीकरास आता नागपूर काही तासांच्या वाटेवर आले आहे. माझ्या मते तालुक्यातील महाविद्यालयांनी दिल्लीइतकीच आस्था या अभ्यासवर्गाविषयी बाळगावी.

येथवर जे लिहिले त्यात एक उणीव आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आज राजधानीत जाणारा विद्यार्थी निवडलेला असतो, निवडून दिलेला नसतो. परीक्षकांनी त्यास गुण दिलेले असतात. वर्गातील मुलांनी त्यास मत दिलेले नसते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. त्या काळी निवडणुकांतून हिंसा बोकाळली होती, मुंबईत एका विद्यार्थ्याचा खूनही झाला होता, तेव्हा त्या निर्णयामागील चिंता खोटी नव्हती. वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या मुलास प्रतिनिधी नेमण्याची वहिवाट त्यातून पडली. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ साली त्या होणार असे जाहीरही झाले, परंतु त्या लांबणीवर पडल्या. म्हणजे १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ज्या अठरा वर्षांच्या मुलास लोकसभेसाठी मत देण्याचा हक्क दिला, तोच मुलगा स्वतःच्या महाविद्यालयात ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असावे, एवढ्यासाठीही आपला माणूस निवडू शकत नाही. नेतृत्वाच्या परिषदा भरवावयाच्या आणि नेता ज्या व्यवहारातून घडतो तो व्यवहार मात्र बंद ठेवावयाचा, ही विसंगती मला मनापासून खुपते. पराभव पचविणे, विरोधकाशी बोलणे, दिलेले वचन वर्षभराने कोणीतरी विचारणार आहे हे भान ठेवणे, या गोष्टी व्यासपीठावरून शिकविता येत नाहीत.

कायदा अमलात येईल तेव्हा येवो. तोवर महाविद्यालयांच्या हाती काहीच नाही असे नाही. दिल्लीस वा नागपुरास कोणी निघाला की त्याआधी सर्व वर्गांची एक सभा घ्यावी, तेथे काय मांडावे हे विद्यार्थ्यांनी ठरवावे, आणि परतल्यावर त्याच सभेपुढे त्याने तासभर उभे राहून काय केले, काय ऐकले, काय राहून गेले याचा तपशील द्यावा व प्रश्नांस उत्तरे द्यावीत. सत्कार, हारतुरे व वृत्तपत्रातील छायाचित्र हे सारे होतेच, आणि मुलाच्या आईवडिलांस त्याचा आनंद होतो म्हणून ते व्हावेही. परंतु त्या सत्काराच्या सभेत प्रश्न विचारण्याची सोय असावी.

याशिवाय आणखी एक सभा त्याची वाट पाहत असते, आणि तिला कोणत्याही मंत्रालयाच्या निमंत्रणाची गरज लागत नाही. ज्याचे नाव मतदारयादीत आहे तो प्रत्येकजण आपल्या गावच्या ग्रामसभेचा सभासद असतो. यादीत नाव घालण्यासाठी आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण होताच फार थांबावे लागत नाही. सभेस मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणसंख्या लागते, आणि ती न भरल्याने सभा तहकूब होण्याचा प्रसंग खेडोपाडी वारंवार येतो. १२ जानेवारीचा दिल्लीचा समारंभ आटोपून जो चिखली तालुक्यातील आपल्या गावी परततो, त्यास २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी दहा-बारा दिवस मिळतात. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या दफ्तरी लेखी अर्ज देऊन आपला विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी करता येते, मागील सभेचे इतिवृत्त मागवून वाचता येते, आणि आपल्याबरोबर सभेस येतील अशी वीस-पंचवीस मुले-मुली गोळा करता येतात.